बांगाई कार्डिनल : विकत घेण्याआधी मासा कुठून आला ते विचारा

कडोलीकर

बेळगावात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आता बऱ्याच घरांत दिसतात. पूर्वी गोल्डफिश, एंजल, फार तर फ्लॉवरहॉर्न, एवढ्यावर हौस भागायची. आता टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडी, इकडे निपाणी-चिकोडीपर्यंत लोक मरीन टँक लावायलेत. क्लाउनफिश झाला की दुसरा मासा बहुतेकांना हवा असतो तो बांगाई कार्डिनल. त्याच्याबद्दल विचारणारे फोन वाढलेत, म्हणून सगळं एकदाच इथे लिहितो.

मासा जेमतेम आठ सेंटिमीटरचा. चंदेरी अंग, एक काळा पट्टा डोळ्यावरून आणि दोन अंगावरून, काळ्या परांवर पांढरे ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली. पाण्यात जवळजवळ जागच्या जागी तरंगतो, उगाच धावपळ नाही. दिवसा उजेडात समोर राहतो, लपून बसत नाही. टाकीत असा मासा शोभणारच, आणि नेमकं हेच त्याच्या जिवावर आलंय.

जगात हा मूळचा एकाच ठिकाणचा. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा छोटा द्वीपसमूह आहे, तिथला. सगळा टापू धरला तर साडेपाच हजार चौरस किलोमीटर भरतो, पण त्यात या माशाला राहता येईल असं उथळ, शांत पाणी सुमारे ३४ चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या निम्मंसुद्धा नाही.

वॉल्टर काउडर्न या स्वीडिश संशोधकाने १९२० साली याचे नमुने गोळा केले. १९३३ मध्ये कौमन्स या डच संशोधकाने शास्त्रीय वर्णन करून टेरापोगॉन काउडर्नी असं नाव दिलं. पुढे साठ वर्षं कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा सापडला, फोटो जगभर गेले आणि लगेच धंदा सुरू झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत वर्षाला सहा-सात लाख मासे पकडले जात होते असा अंदाज आहे. आणि २००४ च्या सुमारास अलेहांद्रो वाजेली या संशोधकाने केलेल्या पाहणीत एकूण संख्या निघाली सुमारे २४ लाख. म्हणजे दर वर्षी चौथ्या हिश्श्याच्या आसपास मासे पिशव्यांत भरून बाहेर जात होते. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला संकटग्रस्त यादीत घातलं.

माझं म्हणणं एवढंच आहे : हा मासा ठेवायचा असेल तर टाकीत जन्मलेलाच ठेवा. समुद्रातून पकडलेला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. टाकीत जन्मलेला मिळतो, थोडं थांबावं लागतं इतकंच.


वडगावकर

दादा, बरं झालं धागा काढलात. मी नुकतेच दोन आणलेत. दुकानदार म्हणाला, "इंपोर्टेड हाय, काळजी नको." समुद्रातला का टाकीतला हे ओळखायचं कसं? आणि त्यातला एक खाईना झालाय. कोपऱ्यात एकटा उभा असतोय, रंग काळपट पडलाय, पांढऱ्या दोऱ्यासारखी शी लोंबायली आहे. औषध कुठलं घालू सांगा.


कडोलीकर

वडगावकर, आधी तो मासा वेगळ्या टाकीत काढा. जाळं, नळी, बादली, काहीही दोन्हीकडे वापरू नका.

ही लक्षणं इरिडोव्हायरसची असू शकतात. बांगाईत हा विषाणू ओळखला गेलाय आणि त्यावर औषध नाही. खाणं सोडणं, अंग काळवंडणं, सुस्ती, पांढरी विष्ठा आणि मग थोड्या दिवसांत मरण, असा क्रम असतो. पकडलेले मासे बेटांवर जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने साठवतात, तिथून बोट, मग विमान, मग घाऊक व्यापाऱ्याची टाकी. या सगळ्या वाटेत एकमेकांचा रोग एकमेकांना लागायला वेळ लागत नाही. पोटातल्या जंतांनीही पांढरी शी होते, तेव्हा जंताचं औषध खाण्यातून देऊन बघा, पण आशा बेताची धरा. दुसरा मासा खातोय ना? त्याच्यावर लक्ष ठेवा.

ओळखायचं कसं, तर खात्रीची खूण अंगावर नसते. पण काही गोष्टी बघता येतात. टाकीत जन्मलेले मासे एका खेपेत बहुतेक एकाच मापाचे, लहान असतात आणि दुकानातच गोळी खाद्य किंवा फ्रोजन खातात. समुद्रातले लहान-मोठे मिसळलेले, पोट खपाटीला गेलेलं, जिवंत खाद्याशिवाय तोंड न उघडणारे. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. आणि माल कुठल्या देशातून, कुठल्या शेतातून आला ते बिलावर विचारा. थायलंडमध्ये २०१२ च्या सुमारास याची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली, तिथला माल असेल तर पुरवठादार ते आनंदाने लिहून देतो.


अनगोळचे_अण्णा

कडोलीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला दोन गोष्टी पटत नाहीत.

एक म्हणजे, मासा इंडोनेशियाचा. पकडू द्यायचा का नाही ते तिथल्या सरकारने ठरवावं. आपण समुद्रापासून घाटाच्या अलीकडे बसून दोन माशांसाठी एवढं का मनावर घ्यायचं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या बेटांवरचे कोळी गरीबच असणार. आपण सगळ्यांनी थायलंडच्या कारखान्यातला मासा घ्यायचं ठरवलं तर त्या कोळ्याच्या घरात काय शिजायचं? आमच्याकडे तंबाखूचा दर पडला की निपाणी भागात काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. लांबच्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की मार बसतो तो शेतातल्या माणसाला.


खानापूरच्या_मॅडम

अण्णा, तुमचा दुसरा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे. त्याआधी हा मासा जगतो कसा ते सांगते, कारण उत्तर त्यात आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते.

प्रवाळावरच्या बहुतेक माशांची अंडी किंवा पिल्लं काही आठवडे समुद्राच्या प्रवाहात वाहतात. एका खडकावरचे मासे संपले तरी लांबून वाहत आलेली पिल्लं तिथे पुन्हा वस्ती करतात. बांगाईत हा टप्पाच नाही. मादी मोठ्या आकाराची थोडीच अंडी देते, साधारण चाळीस-पन्नास, कधी जास्त. नर ती लगेच तोंडात घेतो. सुमारे वीस दिवस अंडी तोंडात, पुढे पिल्लं बाहेर पडली तरी आणखी आठ-दहा दिवस तोंडातच. एवढे दिवस नर काही खात नाही. शेवटी सोडतो तेव्हा पिल्लू सात-आठ मिलिमीटरचं, बापाची हुबेहूब प्रतिकृती, आणि तिथेच, त्याच खाडीत, काट्यांच्या आडोशाला शिरतं. जन्मभर तिथून फारसं हलत नाही. त्याला मोकळं खोल पाणी ओलांडता येत नाही.

याचा परिणाम असा की एकाच बेटाच्या दोन खाड्यांतले, काही किलोमीटरच्या अंतरावरचे मासेसुद्धा जनुकीय दृष्ट्या वेगळे निघालेत. हजारो वर्षं त्यांची सोयरीकच झालेली नाही. म्हणून एखादी खाडी उपसून रिकामी केली की ती भरून निघत नाही. शेजारची खाडी माशांनी भरलेली असली तरी तिथून कुणी येत नाही. "समुद्र एवढा मोठा, मासे काय संपतायत" हे इतर कित्येक माशांबद्दल थोडंफार चालेल, याच्याबद्दल अजिबात नाही.

आता कोळ्यांचं. बेटावरच्या माणसाच्या हातात एका माशामागे अगदी किरकोळ रक्कम पडते, आणि पकडलेल्यातले कित्येक मासे देशाबाहेर जायच्या आधीच मरतात. म्हणजे तो आणखी पकडतो. ज्या दिवशी खाडी रिकामी होईल त्या दिवशी त्याचं हे उत्पन्नही बंद. इंडोनेशियात लिनी नावाची संस्था या कोळ्यांबरोबर काम करते, बालीत लेस गावी तिचं केंद्र आहे, तिथे या माशाची पैदासही करतात. लेस गावचे कोळी एके काळी सायनाइड फवारून शोभेचे मासे पकडत, आता जाळ्याने पकडतात. कोळ्याला बाजूला न सारता वाट निघते, ती अशी. आपण गिऱ्हाईक म्हणून विचारायला लागलो तर तशा मालाला किंमत येईल.


अनगोळचे_अण्णा

मॅडम, खाडी रिकामी झाली तर भरत नाही, हा मुद्दा मला माहीत नव्हता. आता समजलं. पण सरकारचं काय? एवढा धोका असेल तर आंतरराष्ट्रीय बंदी का नाही?


खानापूरच्या_मॅडम

प्रयत्न झालेत, अण्णा. साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिषदेत २००७ मध्ये अमेरिकेने आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने या माशाचा व्यापार नियंत्रणाखाली आणायचा प्रस्ताव मांडला होता. दोन्ही वेळा तो मागे घ्यावा लागला. अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या कायद्यात त्याला धोक्यातली जात म्हणून नोंदलं. इंडोनेशियाने २०१८ मध्ये मर्यादित संरक्षण दिलं : बांगाईच्या पाण्यात फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या विणीच्या महिन्यांत पकडायला बंदी. पूर्ण बंदी नाही. तिथल्या माणसांचा विचार करून केलेला नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो, पण पाळला गेला तरच. दूरच्या बेटांवर पहारा ठेवणं सोपं नसतं.


मालवणची_माहेरवाशीण

मी लग्नानंतर शहापुरात आले, माहेर मालवण. समुद्राबद्दल कुणी बोलायला लागलं की राहवत नाही म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे माशाबद्दल बोलताय, पण मॅडमनी "काट्यांच्या आडोशाला" म्हटलं तिकडे लक्ष द्या. हा मासा लांब काळ्या काट्यांच्या सी-अर्चिनमध्ये, म्हणजे तळाशी राहणाऱ्या गोल काटेरी प्राण्यात राहतो, डायाडेमा म्हणतात त्याला. काटे सुईसारखे बारीक, लांबच लांब, हात लागला तर आत मोडतात आणि काढता येत नाहीत. माझ्या भावाला डायव्हिंग करताना पायात मोडले होते, किती दिवस पाय टेकवत नव्हता. मोठा मासा जवळ आला की बांगाईचा अख्खा घोळका त्या काट्यांत शिरतो, आणि त्यांचे काळे उभे पट्टे काट्यांत असे मिसळतात की शेजारून बघितलं तरी मासा कुठला आणि काटा कुठला कळू नये. पिल्लं तर काट्यांच्या अगदी मुळाशी किंवा समुद्रफुलाच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या फुलासारख्या प्राण्याच्या, शेंड्यांत राहतात. हे नसेल तर त्यांना मोठे मासे खातात, आणि त्यांचेच आईबापही खातात.

आता तिकडे काय चाललंय, तर हे सी-अर्चिन आणि समुद्रफुलंसुद्धा लोक काढायला लागलेत, खायला आणि पिंजऱ्यातल्या मोठ्या माशांना घालायला. मासे नाही पकडले तरी घर गेलं. सुरुंग लावून मासेमारी करतात त्याने फांद्यांचं प्रवाळ फुटून त्याची खडी होते. त्यात ४ मे २००० ला बांगाईत मोठा भूकंप झाला होता, त्याचाही मार काही खडकांना बसला. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं ते वेगळंच.

आमच्या मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहे, पाणी नितळ असलं की वरून दिसतं. पर्यटकांच्या बोटींचे नांगर त्यावर पडायचे ते लहानपणापासून बघितलंय. बेळगावची माणसं आंबोलीवरून मालवणला येतात, स्नॉर्कलिंग करतात, आणि त्यात उभी राहतात. प्रवाळावर उभं राहू नका, एवढं तरी सगळ्यांनी आपल्या घरात सांगा.


वडगावकर

मॅडम, ताई, वाचून अंगावर आलं. माझा तो मासा गेला. दुसरा खातोय अजून.

एक विचारतो, रागवू नका. मित्र म्हणाला, नको असतील तर गोव्याला जाताना समुद्रात सोडून दे, जगतील, वाढतील, तेवढीच जात वाचेल. असं केलं तर?


खानापूरच्या_मॅडम

नाही. कृपा करून नाही. हे मोठ्या अक्षरात वाचा.

व्यापाऱ्यांनी नेमकं हेच केलंय. २००० च्या सुमारास उत्तर सुलावेसीत लेंबे सामुद्रधुनीत हे मासे सोडले गेले, मूळ बेटांपासून शेकडो किलोमीटरवर. पालूच्या उपसागरातही वस्ती झाली. लेंबेत ते इतके वाढले की समुद्रफुलांवर गर्दी करून तिथल्या स्थानिक क्लाउनफिशना जागा उरेना. म्हणजे मूळ घरी संकटात आणि परक्या घरी उपद्रव. या वाढलेल्या संख्येने बांगाईतल्या एकाही खाडीचं भलं झालं नाही, कारण त्या त्या खाडीतला वंश वेगळा.

वर, तुमच्या टाकीतल्या माशाला विषाणू असेल तर तोही समुद्रात जाणार. तिलापियाने आपल्याकडच्या तलावांत देशी माशांची जागा कशी घेतली ते पाटबंधाऱ्यांवर गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा. पाळीव मासा कुठल्याही नदीत, तळ्यात, समुद्रात सोडायचा नाही. ठेवणं जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.


संकेश्वरकर

हा विषय वाचताना मला आमची हिरण्यकेशी आठवली. नदी आंबोलीत उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करत आमच्या संकेश्वराला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. आंबोलीला उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये एक नवीन मासा नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटभर लांबीचा, रंगीत. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सगळी जात एका छोट्या जागेत, पाणी बिघडलं तर संपलं. बांगाईचं तेच ना? आम्ही खाली नदीत साखर कारखान्यांच्या हंगामात पाण्याचा रंग बघणारी माणसं. वर उगमाशी एवढासा मासा आहे आणि त्याला नदीचंच नाव आहे, हे आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे?


खानापूरच्या_मॅडम

अगदी बरोबर, संकेश्वरकर. मुलांना मी हे दोन्ही मासे एकत्र शिकवते.

अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही आपल्या सह्याद्रीतच आहे. डेनिसन बार्ब, ज्याला मिस केरळ म्हणतात, अंगावर लाल रेघ असलेला. केरळातल्या आणि दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांतला मासा. परदेशातल्या टाक्यांसाठी तो इतका उपसला गेला की आययूसीएनच्या संकटग्रस्त यादीत गेला. तेव्हा युरोपातला पाळणारा "मासा भारताचा, भारत बघून घेईल" असंच म्हणत असणार. आता त्याची टाकीत पैदास होते आणि जाणकार पाळणारे तसलाच मागतात.


अनगोळचे_अण्णा

पटलं. माझा नातू बांगाईच मागतोय. त्याला थांबायला सांगतो. टाकीतला मिळाला तरच घ्यायचा.


निपाणीकर

उशिरा लिहायलोय, हंगामाच्या गडबडीत होतो. माझ्याकडे बांगाईची जोडी आहे आणि पिल्लं होतात, म्हणून अनुभवाचं सांगतो. घरात करता येण्यासारखी ही मोजक्या समुद्री माशांतली एक जात आहे, कारण मॅडमनी सांगितलं तसं, पिल्लू तयार होऊनच बाहेर येतं.

नर-मादी वरून ओळखू येत नाहीत. म्हणून टाकीत जन्मलेली पाच-सहा लहान पिल्लं एकदम घ्यायची आणि वाट बघायची. मोठी झाली की त्यातली दोन एका कोपऱ्यात चिकटून राहायला लागतात आणि बाकीच्यांना हाकलतात. तेव्हा बाकीची लगेच काढायची, नाहीतर मारून टाकतात. या माशात मादी पुढाकार घेते, नराच्या अंगाला अंग लावून थरथरते. अंडी झाली की नराचा खालचा जबडा पिशवीसारखा उतरतो, तोंड किंचित उघडं राहतं आणि टॉर्च बाजूने धरला की आत केशरी मणी दिसतात. मधूनच तो तोंड मोठं करून अंडी फिरवतो, म्हणजे सगळ्यांना पाणी लागतं. शेवटच्या दिवसांत केशरी रंग जातो आणि तोंडात चंदेरी डोळे चमकायला लागतात. बरेच जण त्याला भूक लागली म्हणून समोर खाद्य टाकत राहतात. टाकू नका. त्याला शांत ठेवा, लाइट मंद ठेवा. घाबरला तर अंडी गिळतो नाहीतर थुंकतो.

पिल्लं सुटली की मोठ्यांपासून वेगळी. सी-अर्चिन घरात ठेवणं सगळ्यांना जमणार नाही, मी भोकं असलेल्या प्लास्टिकच्या बॉलमधून काळे केबल टाय ओवून काटे करतो. पिल्लं पहिल्या तासात त्यात शिरतात.

खाद्य म्हणजे अंड्यातून नुकतीच फुटलेली आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी. पण नुसती नाही. आर्टेमियाला आधी ओमेगा-३ असलेलं द्रावण पाजायचं आणि मग पिल्लांना घालायची. हे केलं नाही तर पिल्लं वरवर ठणठणीत दिसतात, आणि एक दिवस कुणी लाइट लावला, दार आपटलं, की आचके देऊन उलटी पडतात. पोषणाची उणीव असते ती, रोग नव्हे.


प्राची_टिळकवाडी

निपाणीकर काका, पाणी कसलं वापरता? आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, आणि हिवाळ्यात टाकी गार पडते.


निपाणीकर

नळाचं पाणी थेट नाही, आरओचं घ्यायचं आणि त्यात मरीन सॉल्ट. पाण्याचा खारेपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२४-१.०२५. तापमान २५ ते २७. बेळगावात दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत रात्री चांगलाच गारठा असतो, त्यामुळे हीटर पाहिजेच. लाईट जाते त्याची सोय आधी करा : बॅटरीवरचा एअर पंप असू दे. खारं पाणी हवेशिवाय गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा लवकर बिघडतं.


कडोलीकर

कायद्याचंही एक सांगून ठेवतो, कारण काही जण टाकी सजवायला कोकणातून प्रवाळाचे तुकडे आणतात. प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलेत. वाघाला जे संरक्षण तेच. किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळ उचलून आणलं तरी अडचणीत याल. टाकीसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात, त्यांवर जिवाणू तेवढेच चांगले बसतात. क्लाउनफिशबद्दलही सांगतो : त्याची पैदास आपल्याच देशात होते, केरळात विळिंजमला संशोधन केंद्रात होते, लक्षद्वीपात अगत्तीला स्थानिक बायका करतात. समुद्रातला क्लाउनफिश घ्यायचं काही कारणच नाही.

माल बहुतेक करून चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा मुंबईहून येतो. मी आपल्या भागातल्या ज्या दुकानदारांना ओळखतो त्यांच्याशी बोललो. एकाने सरळ सांगितलं, "गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून मी विचारत नाही. तुम्ही दहा जण मागा, मी पैदाशीचाच मागवतो." तेव्हा ज्यांना हवेत त्यांनी इथे नाव द्या, एकत्र मागणी देऊ. बिलावर पैदास केंद्राचं आणि देशाचं नाव लिहून घ्यायचं, ही अट. खेप आली की मासे दुकानातच काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून, खातात हे बघून मगच उचलायचे.


अनगोळचे_अण्णा

माझं नाव घाला. पाच पिल्लं.


प्राची_टिळकवाडी

माझंही. घाई नाही, टाकी अजून सायकल होतेय, म्हणजे पाण्यात चांगले जिवाणू तयार व्हायचेत.


मालवणची_माहेरवाशीण

मला मासे नकोत, पण ते केबल टायचे काटे कसे करायचे याचे फोटो टाका. माझ्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनात हाच विषय मांडायचाय.


वडगावकर

माझं नाव नंतर घाला दादा. आधी टाकी रिकामी करून पूर्ण धुऊन काढतो. माझा राहिलेला एक मासा एकटाच आहे, निपाणीकर काका, तुमच्या पिल्लांतलं एखादं द्याल का? आणि आत्ता नराच्या तोंडात अंडी असतील तर मी येऊन बघू का?


निपाणीकर

वडगावकर, बघायला कधीही या. पण आत्ता पिल्लू देणार नाही. तुमच्या राहिलेल्या माशात विषाणू नाही याची खात्री होईपर्यंत त्याच्या टाकीत नवा मासा घालू नका, माझा नाही आणि कुणाचाच नाही. दोन-तीन महिने तो नीट खाऊन-पिऊन राहिला तर फोन करा. तोपर्यंत आताच्या विणीची पिल्लं अंगठ्याच्या नखाएवढी होतील आणि गोळी खायला लागतील. नेताना थर्माकोलचा डबा आणा, पाणी माझ्याच टाकीचं घालून देतो. एसटी स्टँडवर थांबू नका, घरीच या, टाकी दाखवतो आणि फोटोही तेव्हाच काढून घेऊ, ताईंच्या मुलीसाठी.